पाहणें आणि दिसणें

जें दिसलेंच नाहीं त्याबद्दल मनुष्यास दोष द्यावा काय, हा प्रश्न नीतिशास्त्रांत जुनाच आहे. त्याचा विचार करावयास आकाशाइतकें सोयीचें स्थळ दुसरें नाहीं, असें आम्हांस वाटतें. स्वच्छ हवेंत केवळ नजरेच्या भरंवशावर लहान विमान चालविणाऱ्यास मुख्य आज्ञा एकच: पाहावें आणि टाळावें. विमानें समोरासमोर आल्यास दोघांनींही उजवीकडे वळावें. मार्ग छेदत असल्यास ज्याच्या उजव्या हातास दुसरें विमान असेल त्यानें वाट द्यावी. परंतु याच नियमांत असेंही सांगितलें आहे कीं, वाटेचा हक्क असला तरी टक्कर टाळण्याची जबाबदारी कोणाचीही सुटत नाहीं.

आज्ञा सोपी दिसते. पण डोळा तिला पुरा पडत नाहीं. सरळ रेषेंत, एकाच वेगानें चाललेलीं दोन विमानें जेव्हां टकरीच्या मार्गावर असतात, तेव्हां एकास दुसरें कांचेवर एकाच जागीं स्थिर दिसतें. हलणारी वस्तु डोळा चटकन टिपतो; स्थिर ठिपका त्यास डाग वाटतो. म्हणजे जें चुकून जाणार तेंच सहज दिसतें, आणि जें घात करणार तेंच लपतें! शिवाय वेळ थोडा. ताशीं 180 किलोमीटर वेगाचीं दोन विमानें समोरासमोर आलीं, तर मधलें 2 किलोमीटर अंतर 20 सेकंदांत संपतें. आणि दिसल्यापासून विमान वळेपर्यंत साडेबारा सेकंद लागतात, असें अमेरिकेच्या विमानखात्याच्या सूचनापत्रांत धरलेलें आहे.

मग आंधळ्यास पाहण्याची आज्ञा करण्यासारखाच हा अन्याय नव्हे काय? या आक्षेपाचें उत्तर देण्यापूर्वीं एका प्रसंगाकडे पाहूं. 25 सप्टेंबर 1978 रोजीं अमेरिकेंतील सॅन डिएगो येथें, निरभ्र सकाळीं, एक बोइंग 727 विमान उतरण्यास येत असतां एका लहान सेसना विमानावर आदळलें. जमिनीवरील 7 धरून 144 माणसें मेलीं. बोइंगच्या वैमानिकांस सेसनाची सूचना मिळाली होती, आणि तें दिसल्याचें त्यांनीं कळविलेंही होतें. पुढें तें नजरेआड झालें. तें मागें गेलें असावें, अशा समजुतीवर ते चालले. ‘आतां दिसत नाहीं’ हें मात्र त्यांनीं नियंत्रकास स्पष्ट सांगितलें नाहीं. इकडे सेसनानेंही नेमून दिलेली दिशा न कळवितां सोडली होती, आणि नियंत्रणकक्षांतील यंत्रानें दिलेल्या धोक्याच्या इशाऱ्यावर कोणीं हालचाल केली नाहीं.

येथें दृष्टि चुकली, हा अपराध नव्हे; दृष्टि चुकली असतां ती चुकली नाहीं असें धरून चालणें, हें खरें मर्म आहे. दिसणें आपल्या हातीं नाहीं, पाहणें आहे. आपला डोळा फसतो हें ज्यास माहीत आहे, त्यानें एकटक न पाहतां आकाशाचा एकेक भाग क्रमानें निरखावा, पंखाआड व नाकाखालीं काय आहे तें विमान थोडें कलवून पाहावें, आणि जागा न सोडणाऱ्या ठिपक्याचा अधिक संशय धरावा. एवढें करून जो आदळला तो दुर्दैवी. यांतलें कांहीं न करतां जो सुखरूप उतरला, तो केवळ भाग्यवान, निर्दोष नव्हे.

आतां लहान विमानांतही एकमेकांची जागा दाखविणारीं यंत्रें आलीं आहेत, व तीं अवश्य असावींत. पण ज्या विमानांत तसलें यंत्र नाहीं तें त्यांच्या पडद्यावर उमटेलच असें नाहीं, म्हणून बाहेर पाहण्याचें काम संपत नाहीं. हक्काच्या बाबतींतही तेंच. ‘वाट माझी आहे, तो पाहील’ असें दोघेही म्हणूं लागले, कीं आकाशांत पाहणारा कोणीच उरत नाहीं. दुसऱ्यानें आपल्यास पाहिलें असेल, हा विश्वास सौजन्याचा खरा. परंतु ज्याच्या मागें इतर माणसें बसलीं आहेत, त्यास तो परवडत नाहीं.