अंतराचें देणें

दोन गांवांमधील अंतर हें कोणाच्या मालकीचें असतें, हा प्रश्न प्रथमदर्शनीं पोरकट वाटण्याचा संभव आहे. रस्ता सरकारचा, गाडी महामंडळाची आणि भाडें उतारूचें, ही वांटणी आपल्या मनांत इतकी पक्की बसलेली असते कीं, तिच्यापलीकडे कांहीं विचार करण्यासारखें आहे असें सहसा कोणास वाटत नाहीं. ज्याला जावयाचें त्यानें भाडें द्यावें. बाजारास जाणारा, यात्रेस जाणारा, लग्नास जाणारा तें देतच आला आहे. परंतु ज्या कार्यासाठीं दोन पक्षांपैकीं एकास जावेंच लागतें, आणि तो गेल्यावांचून दोघांचेंही कार्य होत नाहीं, तेथें ‘जाणाऱ्याचें भाडें’ हा न्याय टिकतो काय? महाविद्यालयांमधील हॉकीच्या सामन्यांच्या निमित्तानें हा प्रश्न आमच्यापुढें वरचेवर येत असतो. त्याचें उत्तर वाटतें तितकें सरळ नाहीं, म्हणूनच तो वाचकांपुढें ठेवीत आहों.

आरंभीं थोडा भूगोल सांगणें अवश्य आहे. नांदेडचें स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ सालीं स्थापन झालें. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे चार जिल्हे त्याच्या कक्षेंत येतात. एका टोंकास किनवट-माहूरचें रान आहे, तर दुसऱ्या टोंकास कर्नाटकाच्या सीमेला भिडलेला निलंगा तालुका. या दुसऱ्या टोंकाजवळच, १९९९ सालीं तालुक्याचा दर्जा मिळालेलें शिरूर अनंतपाळ आहे. गांवावरून आगगाडी जात नाहीं. लातूर किंवा उदगीर गांठावें तेव्हां रूळ दिसतात. लातुराहून नांदेड रस्त्यानें सुमारें १४० किलोमीटर. शिरूरच्या मुलांनीं वाट कोणतीही धरली तरी दिवसाचा मोठा भाग त्यांस गाडींतच काढावा लागतो.

नांदेडास हॉकीचा शौक आहे. गुरु गोविंदसिंगांच्या नांवानें तेथें सुवर्ण व रजत चषकाची अखिल भारतीय हॉकी स्पर्धा भरते, आणि दूरदूरचे संघ त्या मैदानावर उतरतात. त्याच नगरांतील गुरुद्वाऱ्याच्या लंगरांत पंगतीला बसणाऱ्यास ‘किती कोसांवरून आलास?’ असें कोणी विचारीत नाहीं. जवळचा आणि दूरचा एकाच ओळींत जेवतो. महाविद्यालयीन क्रीडेचें अंदाजपत्रक मात्र नेमका तोच प्रश्न प्रथम विचारतें.

तो कसा, तें आंकड्यांनींच पाहूं. हॉकीच्या मैदानावर अकरा खेळाडू उतरतात. पण राखीव खेळाडू, व्यवस्थापक आणि मार्गदर्शक धरून वीस माणसांचें बिऱ्हाड हलवावें लागतें. समजा, पांच महाविद्यालयांनीं आपसांत साखळी सामने ठरविले. दोन नांदेडचीं, एक लातूरचें, एक उदगीरचें आणि एक शिरूरचें. प्रत्येकानें आपापलें भाडें द्यावें असें ठरलें, आणि वर्षाअखेर नांदेडच्या दोघांस दोन-दोन हजार, लातूरला बारा हजार, उदगीरला चौदा हजार आणि शिरूरला वीस हजार रुपये खर्च आला. हे आंकडे केवळ उदाहरणासाठीं घेतले आहेत. परंतु त्यांचा डौल खरा आहे. विद्यार्थ्याकडून क्रीडाशुल्क सगळीकडेच घेतलें जातें. नांदेडांत त्या शुल्काच्या स्टिका होतात, चेंडू होतात, गोलरक्षकाचे पॅड होतात. शिरूरांत त्याच शुल्काचीं तिकिटें होतात. दोन्ही संघ समोरासमोर उभे राहिले म्हणजे आपण म्हणतों, सामना बरोबरीचा आहे, कारण दोन्हीकडे अकराच खेळाडू आहेत!

आतां पांचही जणांचा खर्च एकत्र केला तर पन्नास हजार होतो, आणि समान वांटणीनें प्रत्येकाच्या वांट्यास दहा हजार येतात. शिरूरचा भार निम्म्यानें उतरला. पण नांदेडकरांचा दोन हजारांवरून दहा हजारांवर गेला. ते रागावले तर त्यांस दोष देतां येणार नाहीं. ‘आम्ही जवळ आहों हा आमचा अपराध काय?’ असें ते विचारतील. नांदेडच्या महाविद्यालयांतही हमालाचीं, कारकुनाचीं, शेतमजुराचीं मुलें शिकतात. त्यांच्या शुल्कांतून परगांवच्या मुलांचें भाडें कां द्यावें?

या आक्षेपाचें उत्तर दयाबुद्धींत शोधणाऱ्यांशीं आमचा मतभेद आहे. दूरचा बिचारा गरीब, म्हणून त्यास मदत करावी, या भूमिकेंत देणाऱ्याचा हात वर राहतो आणि घेणाऱ्याची मान खालीं जाते. उत्तर आहे तें खेळाच्या स्वरूपांतच आहे. सामना ही एकट्यानें करावयाची वस्तु नव्हे. नांदेडचा संघ आपल्या मैदानावर, आपल्या घरचें जेवून खेळतो, तो सामना त्याला शिरूरच्या संघानें आणून दिलेला असतो. शिरूर आलें नसतें तर नांदेडकरांस आपसांतच खेळत बसावें लागलें असतें, आणि त्या विजयास चषक कोणी दिला नसता. म्हणजे शिरूरनें जें भाडें भरलें, त्यांतून निघालेल्या मालाचा अर्धा वांटा नांदेडनें घेतला. मग अर्धी किंमत त्यानें कां देऊं नये? शिरूरची वीस माणसें गाडींत बसलीं म्हणून तें अंतर एकट्या शिरूरचें होत नाहीं. तें त्या दोन गांवांच्या मध्यें आहे, आणि म्हणून दोघांचें आहे.

टपालाच्या बाबतींत जगानें हें तत्त्व केव्हांच मान्य केलें. रोलंड हिल यांच्या सूचनेवरून इंग्लंडांत १८४० सालीं अंतर न पाहतां एकच पेनी घेण्याची पद्धत सुरू झाली. आपल्याकडे १८५४ सालीं पाव तोळ्याच्या पत्रास अर्धा आणा, मग तें पुढल्या पेठेंत जावो कीं पेशावरास, असा नियम झाला. मात्र या दृष्टान्ताचा आधार फार ताणूं नये. हिल यांनीं दाखविलें होतें तें असें कीं, एका पत्राच्या प्रत्यक्ष वाहतुकीचा खर्च नगण्य असतो. खरा खर्च पत्रें गोळा करण्याचा व वांटण्याचा. वीस माणसांच्या संघाची गोष्ट अगदीं उलट आहे. तेथें वाहतूक हाच खर्च.

उलट बाजूचेंही एक उदाहरण आपल्याच देशांत घडलें आहे. पोलाद सर्व ठिकाणीं एकाच भावानें मिळावें म्हणून १९५० च्या दशकांत केंद्र सरकारनें वाहतुकीचा भार समान केला. हेतु उदात्त होता. परंतु खाणींजवळ असण्याचा जो निसर्गदत्त लाभ बिहारसारख्या प्रांतांस होता तो त्यामुळें बुडाला, आणि १९९० च्या दशकाच्या आरंभीं ही पद्धत सोडावी लागली. अंतराची किंमत कोणालाच जाणवेनाशी झाली, कीं अंतराचा विचारही कोणी करीत नाहीं. भाडें सामाईक पेटींतून मिळणार असें कळतांच एखादा व्यवस्थापक साध्या एस्. टी. ऐवजीं वातानुकूलित खासगी गाडी ठरवील, ही भीति निराधार नाहीं.

म्हणून आमच्या मतें सामाईक निधीनें बिल देऊं नये, अंतर द्यावें. साध्या एस्. टी.चें वीस माणसांचें जाण्यायेण्याचें भाडें हा दर धरावा आणि तितकीच रक्कम संघास द्यावी. कोणास आरामाची गाडी हवी असेल तर वरचे पैसे त्यानें घालावेत. कोणी काटकसर केली तर उरलेले पैसे त्याचे. शिवाय एका फेरींत दोन सामने उरकावेत. शिरूरचा संघ नांदेडास गेला तर शनिवारीं एका महाविद्यालयाशीं आणि रविवारीं दुसऱ्याशीं खेळून परत यावा. मुक्कामाची सोय यजमानांनीं करावी; वसतिगृहांतील एक मोठी खोली, सतरंज्या आणि डाळ-भात एवढ्यानें भागतें.

यावर कोणी म्हणेल, इतका खटाटोप कशाला? एकाच ठिकाणीं सर्व संघ बोलावून बाद पद्धतीनें स्पर्धा उरकली, कीं खर्च आटोपतो. आटोपतो खरा. परंतु कोणाच्या खर्चानें? शिरूरचीं मुलें पहांटे निघतात, दुपारीं मैदानावर उतरतात, पहिलाच सामना हरतात आणि परत फिरतात. वर्षभराचा सराव, दिवसभराचा प्रवास आणि पदरांत साठ मिनिटांचा खेळ! पुढील वर्षीं खेळ सुधारावा तर त्यास सामने हवेत, आणि सामने तर जिंकणाऱ्यालाच मिळतात. ही काटकसर आहे असें हिशेबाची वही म्हणते. आम्हांस ती गरिबाच्या ताटांतील भाकरी मोजण्यासारखी वाटते.

प्रवासाचें भाडें खेळाच्या निकालावर किती परिणाम करतें, याची साक्ष इतिहासांत आहे. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकांत हॉकीला हिंदुस्थान, जपान आणि अमेरिका असे तीनच संघ होते. मंदीच्या दिवसांत इतक्या लांबचा खर्च बाकीच्यांस झेपला नाहीं. हिंदुस्थाननें अमेरिकेवर चोवीस गोल केले, आणि दोन्ही सामने हरलेल्या अमेरिकेस कांस्यपदक मिळालें. आपल्या विजयी संघासही कर्जाचा भार हलका करण्यासाठीं वाटेंत व परततांना सामने खेळत फिरावें लागलें. त्याच्या दोनच वर्षें आधीं, १९३० सालीं, फुटबॉलच्या पहिल्या जागतिक स्पर्धेंत उरुग्वे या लहानशा देशानें पाहुण्या संघांच्या प्रवासाचा आणि राहण्याचा खर्च स्वतः उचलण्याचें कबूल केलें. तरीही युरोपांतून चारच संघ आले. कारण समुद्रावर जाणारे आठवडे कोणास भरून देतां येत नव्हते.

आपल्याकडील उदाहरण तर सर्वांस ठाऊक आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांस १९५२ सालीं हेलसिंकीस जावयाचें होतें. गांवकऱ्यांनीं वर्गणी जमविली, आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें घर गहाण ठेवून पैसा उभा केला. जाधवांनीं कुस्तींत कांस्यपदक आणलें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ही कथा आपण समारंभांतून अभिमानानें सांगतों. खर्डेकरांविषयीं आमच्या मनांत आदरच आहे. परंतु एका शिक्षकास घर गहाण टाकावें लागलें, या गोष्टीचा समाजानें अभिमान बाळगावा कीं संकोच? त्यागाची स्तुति करून आपलें देणें चुकविण्याची कला आपणांस चांगली साधली आहे.

आज घरें गहाण पडत नाहींत. भार निराळ्या वाटेनें जातो. महाविद्यालयानें दिलेली रक्कम अपुरी पडली कीं उरलेले पैसे मुलें खिशांतून घालतात. लातूर-शिरूरच्या पट्ट्यांत खिसा म्हणजे सोयाबीनचा भाव. भाव पडलेल्या वर्षीं एखादा चांगला खेळाडू अकस्मात् सांगतो कीं पाय दुखावला आहे. शारीरिक शिक्षणाच्या संचालकांस हा पाय ओळखतां येतो, पण ते बोलत नाहींत. मुलगाही बोलत नाहीं. अशा दुखऱ्या पायांची नोंद कोणत्याही अंदाजपत्रकांत होत नाहीं.

शिरूरनें हॉकी खेळावीच कशाला, कबड्डी आणि खो-खो काय वाईट, असाही एक पोक्त सल्ला ऐकूं येतो. दोन्ही खेळ उत्तम आहेत. परंतु कोणत्या गांवच्या मुलानें कोणता खेळ खेळावा, हें एस्. टी.च्या फाट्यावरून ठरविण्यास आम्ही तयार नाहीं. आणि प्रवास तर कबड्डीच्या संघासही करावाच लागतो.

मुलींच्या संघांविषयीं एक गोष्ट समाधानाची झाली आहे. मार्च २०२३ पासून एस्. टी.नें स्त्रियांस अर्धें भाडें लागू केलें, आणि कोणत्याही क्रीडासमितीनें न मागतां मुलींच्या संघांचा खर्च निम्म्यावर आला. पैशाची अडचण अशी थोडी सुटली, तेव्हां दुसरी अडचण उघडी पडली, आणि ती वेळेची. सायंकाळची शेवटची गाडी चुकली तर मुलींस रात्र कोठें काढावयाची, या चिंतेनें आईबाप नकार देतात. आणि स्पर्धेचे संयोजक मात्र जवळच्या संघांचे सामने सकाळीं आटोपून दूरच्यांचा सामना दिवस कलतांना ठेवतात, कां तर दूरचे उशिरां पोहोंचतात! येथें निधीची, ठरावाची, कुलगुरूंच्या मंजुरीची कांहींच गरज नाहीं. सामन्यांचें वेळापत्रक लावणाऱ्यानें शेजारीं एस्. टी.चें वेळापत्रक उघडून ठेवावें, आणि शिरूर, किनवट, माहूर येथील संघ भर दुपारीं खेळवून दिवसाउजेडीं गाडींत बसवून द्यावेत.