पहिले ऐकणारे

कॅनडाच्या मधोमध, गव्हाच्या सपाट मुलखात विनिपेग वसलं आहे. तिथला जानेवारी अंग गोठवणारा. पारा उणे तीसच्या खालीही जातो. १९६० च्या आसपास या शहराच्या वस्त्यावस्त्यांत कम्युनिटी क्लब होते. बाहेर बर्फावर हॉकी खेळायची जागा, आत एक साधा हॉल. वस्तीतले आईबापच आपला वेळ देऊन तो चालवायचे. त्याच हॉलमध्ये शाळकरी मुलामुलींचे नाच व्हायचे आणि तिथे वाजवायला आसपासच्या मुलांचे बँड उभे राहायचे.

गायक आणि गिटारवादक नील यंग अशाच हॉलमधून पुढे आला. आईवडील वेगळे झाले तेव्हा, १९६० मध्ये, तो आईबरोबर विनिपेगला राहायला आला. लहानपणी त्याला पोलिओ होऊन गेला होता. हातात पहिलं वाद्य पडलं ते प्लॅस्टिकचं युकुलेले. शाळेत असतानाच त्यानं मित्रांना घेऊन बँड केला. पुढे ‘द स्क्वायर्स’ नावाचा आणखी एक केला आणि १९६३ मध्ये या मुलांनी गावातल्या रेडिओ केंद्रात दोन धुना ध्वनिमुद्रित केल्या. त्यांची रेकॉर्ड काढली व्ही रेकॉर्ड्स या स्थानिक कंपनीनं, जी एरवी युक्रेनहून येऊन स्थायिक झालेल्या लोकांची गाणी काढायची. त्या रेकॉर्डनं कुणाचं नशीब उघडलं नाही. नील मात्र वाजवत राहिला, कारण पुढच्या शनिवारी वाजवायला जागा होती आणि नाचायला ओळखीची मुलं येणार होती.

संगीताच्या इतिहासात क्लब चालवणाऱ्या त्या आईबापांची नावं सापडत नाहीत, याची मला खंत वाटते. एवढ्या थंडीत कुणीतरी येऊन हॉलचं कुलूप काढलं असेल, शेगडी पेटवली असेल, नाच संपल्यावर खुर्च्या लावल्या असतील. बेसूर गिटार त्यांनी मुकाट ऐकली असेल. सोळा वर्षांच्या मुलाला चुकत चुकत वाजवू देणं, तेही लोकांसमोर, हे मी फार मोठं देणं मानतो.

याच शहरातला दुसरा बँड म्हणजे चॅड ॲलन आणि त्याचे साथीदार. रँडी बाकमन हा गिटारवादक त्यांच्यातलाच. नील त्याचं वाजवणं मन लावून ऐकायचा. या मुलांनी एका ब्रिटिश बँडचं जुनं गाणं आपल्या ढंगात ध्वनिमुद्रित केलं. रेकॉर्ड कंपनीला ते आवडलं, पण बँडचं नाव छापायला ती बिचकली. कॅनडाच्या मुलांचं गाणं म्हटल्यावर रेडिओवाले ते बाजूला ठेवतील, अशी तिला धास्ती. तेव्हा इंग्लंडच्या बीटल्सची लाट होती. म्हणून रेडिओ केंद्रांना पाठवलेल्या रेकॉर्डवर नावाच्या जागी ‘गेस हू?’ एवढंच छापलं, म्हणजे ‘ओळखा पाहू?’. हे कुणी इंग्लंडचे कलाकार असावेत असं ऐकणाऱ्यांना वाटावं, हा हेतू. गाणं १९६५ मध्ये कॅनडाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलं. बँडला ‘गेस हू’ हेच नाव कायमचं चिकटलं.

यात मला त्या काळाचं मोठं दुःख दिसतं. ज्या मुलांच्या तालावर विनिपेगची पोरं कधीपासून नाचत होती, त्यांना स्वतःच्या देशाच्या रेडिओवर जायला परक्याचा वेष घ्यावा लागला. पाच वर्षांनी याच बँडचं ‘अमेरिकन वूमन’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. १९७१ पासून कॅनडात एएम रेडिओवरच्या संगीतातलं किमान ३० टक्के कॅनेडियन असलंच पाहिजे, असा नियम लागू झाला. त्या नियमावर टीका भरपूर झाली. मला तो हवासाच वाटतो. घरातलं गाणं ऐकायची सवय मोडली असेल तर ती पुन्हा लावावी लागते, आणि सवय लागेपर्यंत थोडी सक्तीही चालेल.

नीलसारखीच पुढे आलेली गायिका जोनी मिचेल वाढली विनिपेगच्या पश्चिमेला, सास्काटूनमध्ये. तिलाही नवव्या वर्षी पोलिओ झाला होता, आणि तिचीही सुरुवात युकुलेलेवरच झाली. १९६२ मध्ये गावातल्याच एका कॉफीहाऊसमध्ये ती गायला लागली. डावा हात अधू राहिल्यामुळे नेहमीचे कॉर्ड धरणं कठीण जाई, तेव्हा गिटारच्या तारा तिनं आपल्या सोयीनं वेगळ्या जुळवल्या. पुढे टोरांटोला गेल्यावर वादकांच्या संघटनेची फी भरायलाही पैसे नव्हते, म्हणून तिनं दुकानात नोकरी केली.

१९६५ मध्ये विनिपेगच्या एका कॉफीहाऊसमध्ये नील आणि जोनी भेटले. आपापल्या गावाबाहेर त्यांना फारसं कुणी ओळखत नव्हतं. एकोणिसावा वाढदिवस झाला तेव्हा नीलनं, आता आपण लहान उरलो नाही या हुरहुरीतून, ‘शुगर माउंटन’ हे गाणं लिहिलं होतं. जोनीनं ते ऐकलं. या मुलाला एवढं हताश व्हायचं कारण नाही, असं तिला मनापासून वाटलं, आणि तिनं उत्तरादाखल ‘द सर्कल गेम’ लिहिलं. नीलचं गाणं तोवर रेकॉर्डवर यायचं होतं. ते सगळ्यांना ऐकू येण्याच्या कितीतरी आधी एका तरुण गायिकेनं इतकं कान देऊन ऐकलं की तिचं स्वतःचं गाणं त्यातून जन्मलं. हे उत्तरही लगेच जोनीच्या आवाजात जगापुढे आलं नाही. आधी इयन आणि सिल्व्हिया या कॅनेडियन जोडीनं ते गायलं, मग गायक टॉम रशनं. जोनीच्या स्वतःच्या रेकॉर्डवर ते आलं १९७० मध्ये.