विसर, थकवा आणि जबाबदारी

'तीन रकअत झाल्या की चार?' हा प्रश्न वयोवृद्ध नमाजीच्या मनात वारंवार उठतो. आपली श्रद्धाच क्षीण झाली की काय, अशी भीतीही त्याला वाटते. श्रद्धेचा येथे संबंध नाही. हातातील कामापुरत्या दोन-चार गोष्टी क्षणभर धरून ठेवणाऱ्या स्मृतीला मानसशास्त्रज्ञ कार्यस्मृती म्हणतात. तिची शक्ती तारुण्यातही तोकडीच असते. वयाबरोबर ती घटते, आणि थकव्याने तर तरुणाचीही ढळते. म्हणूनच बालपणी पाठ केलेली सूरह वृद्धाला अस्खलित येते, नुकतीच झालेली रकअत मात्र आठवत नाही.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी एकदा चार रकअतींच्या नमाजमध्ये दोनवरच सलाम फेरला. जुल-यदैन (रजि.) यांनी विचारणा केली, तेव्हा उरलेली नमाज पूर्ण करून त्यांनी विसराचे दोन सजदे केले. रागाच्या भरात न्यायाधीशाने निवाडा करू नये, ही हदीस आहे. फकीहांनी भूक, झोप आणि थकवा यांनाही तोच नियम लावला.

हदीसशास्त्रातील एक उदाहरण मला फार मोलाचे वाटते. अता बिन साइब या रावींचे स्मरण उतारवयात गोंधळले. मुहद्दिसांनी त्यांना खोटे ठरवले नाही. त्यांच्याकडून कोणी आधी ऐकले आणि कोणी नंतर, एवढे काटेकोरपणे पाहिले. सुफयान सौरी व शुअबा यांनी आधी ऐकले होते, म्हणून त्यांचे कथन ग्राह्य ठरले. माणसाचा मान राखला गेला आणि शब्दाची पारखही सुटली नाही.

हा तोल आपल्या घरांत क्वचितच दिसतो. एकच गोष्ट तिसऱ्यांदा विचारणाऱ्या वडिलांवर आपण खेकसतो. सूरह बनी इसराईलच्या 23व्या आयतीने तर वैतागाचा साधा उद्गारही वर्ज्य केला आहे. पण त्याच वडिलांचा खरेदीखतावर किंवा बक्षीसपत्रावर अंगठा हवा असतो, तेव्हा त्यांची स्मृती आपल्याला एकाएकी भरवशाची वाटू लागते! दिवसभर कचेरीत ताटकळवून, मजकूर समजू न देता घेतलेली सही कदाचित कोर्टात टिकेलही. अल्लाहसमोर तिचे काय? सूरह बकराच्या 282व्या आयतीत कर्जाच्या लेखाविषयी आदेश आहे: देणेकरी दुर्बल असेल, स्वतः मजकूर सांगू शकत नसेल, तर त्याच्या पालकाने तो न्यायाने सांगावा, आणि साक्षीदार ठेवावेत.

तेव्हा कागद करायचाच असेल, तर वडील ताजेतवाने असताना सकाळी बसा, बहिणींनाही बोलवा, आणि मजकूर सावकाश वाचून दाखवा. दुसऱ्या दिवशी त्यांनी तेच पुन्हा विचारले, तर पुन्हा वाचा. आणि उत्तर बदलले, तर सही थांबवा.