वचन, साक्षी आणि मान्यता

उक्तीतून घडणाऱ्या कृतींचा विचार मांडताना जॉन ऑस्टिन या तत्त्वज्ञाने अगदी आरंभीच विवाहविधीतील संमतीचे उदाहरण घेतले, हे सूचक आहे. विवाहप्रसंगीचे शब्द विवाहाचे वर्णन करीत नाहीत. ते विवाह घडवितात. मात्र ऑस्टिनच्या मते असे शब्द फलद्रूप व्हावयाचे तर त्यांमागे सर्वमान्य संकेत आधीच असावा लागतो आणि ते उच्चारणारी माणसे त्या संकेतास पात्र असावी लागतात. 2022 च्या प्रारंभी नागपुरातील एका समारंभाची वार्ता वृत्तपत्रांत आली. दोन स्त्रियांनी आप्तेष्टांसमक्ष अंगठ्या घालून एकमेकींना आजन्म साथीचे वचन दिले होते. ऑस्टिनची कसोटी काटेकोरपणे लावली तर या वचनाने विवाह घडत नाही. संकेतच नाही, मग कृती कोठली?

17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या पाचही न्यायमूर्तींनी विवाह हा मूलभूत हक्क नसल्याचे मत दिले. समलिंगी जोडप्यांच्या सहजीवनाला कायदेशीर दर्जा मिळण्याचा हक्क तीन विरुद्ध दोन अशा मतांनी नाकारला गेला. जानेवारी 2025 मध्ये पुनर्विलोकनाच्या याचिकाही फेटाळल्या गेल्या. कायदेमंडळाने संकेत निर्माण करावा, न्यायालयाने तो वाचावा, ही बहुमताची भूमिका विधिशास्त्रदृष्ट्या अनाकलनीय नाही. पण संकेत प्रथम कसा जन्मतो, या प्रश्नाला ती स्पर्श करीत नाही.

नागपूरला हा प्रश्न नवा नाही. 14 ऑक्टोबर 1956 रोजी याच शहरात डॉ. आंबेडकरांनी महास्थवीर चंद्रमणी यांच्याकडून दीक्षा घेतली आणि त्यानंतर स्वतः लक्षावधी अनुयायांकडून बावीस प्रतिज्ञा वदवून घेतल्या. या प्रतिज्ञांना परंपरेत पूर्वाधार नव्हता; त्या आंबेडकरांनीच रचल्या होत्या. तरीही कृती घडली. तिला वैधता दिली ती उच्चारणाऱ्यांनीच, त्या शब्दांप्रमाणे पुढे जगून. मात्र नवबौद्धांना अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती मिळावयास 1990 साल उजाडावे लागले. चौतीस वर्षे वचन खरे होते आणि राज्यसंस्थेच्या लेखी त्याची किंमत उणे होती. परस्परांचे वचन पुरेसे असताना कायद्याचा आग्रह कशाला, असे विचारणाऱ्यांनी हा कालावधी नजरेआड करू नये.

अर्थात लक्षावधींचा समुदाय आणि दोन व्यक्ती यांची तुलना एका मर्यादेपलीकडे ताणता येत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तोही आंबेडकरांच्याच विचारातून उद्भवतो. 1916 च्या जातिविषयक निबंधात त्यांनी अंतर्विवाह हेच जातिसंस्थेचे मर्म ठरविले होते. मग जी संस्था जातीची राखण करते तिच्यात प्रवेश मागणे ही मुक्ती कशी? हा युक्तिवाद विवाहाच्या टीकेपुरता रास्त आहे. पण नकार हा ज्याला दार उघडे आहे त्याचा अधिकार असतो. ज्याच्यासाठी ते बंदच आहे, त्याला विरक्तीचा उपदेश करणे सोपे आणि काहीसे अशोभनीयही आहे.

तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ (1981) येथे आठवते. मित्राचे नमावरील प्रेम प्रेक्षकांपर्यंत पोचते ते मुख्यतः बापूच्या निवेदनातून, आणि तिच्या गोष्टीचा शेवट आत्मनाशात होतो. प्रेम तेथे आहे. त्याला वचनाचे रूप देणारा विधी आणि ते ऐकणारा साक्षी मात्र नाही. नागपूरच्या समारंभात ‘मी’ म्हणून बोलणाऱ्या दोघी होत्या आणि ऐकणारे त्यांचे आप्त होते. विवाहाच्या कायद्याला हे पुरेसे नाही; मराठी वाङ्मयाच्या दृष्टीने मात्र हा निवेदकाचाच बदल आहे.

राज्यसंस्थेनेही निकालानंतर काही तुकडे मान्य केले आहेत. 2024 मध्ये केंद्राने अशा जोडप्यांना संयुक्त बँक खाते उघडण्यास आणि खात्यावर जोडीदाराचे नाव नामनिर्देशित करण्यास आडकाठी नसल्याचे स्पष्ट केले. शिधापत्रिकेसाठीही ते एक कुटुंब गणले जावेत, असे सांगितले गेले. पण नामनिर्देशित व्यक्ती म्हणजे वारस नव्हे, हे न्यायालयांनी वारंवार सांगितलेले आहे. मृत्युपत्र नसेल तर खात्यातील पैसा अखेर रक्ताच्या नातेवाइकांकडे जातो, आणि जिला वचन दिले होते ती केवळ तो पोचविणारी ठरते.