रान कुठे आहे?

'डंजन्स अँड ड्रॅगन्स'साठी तू लिहिलेला 'वाटाड्या' हा क्लास वाचला. पहिल्या लेव्हलपासून विसावीपर्यंत, एक ओळ न गाळता. भाषा छान, चित्रं छान, नकाशाच्या कडेची वेलबुट्टी तर फारच छान. आता ते सगळं बाजूला ठेव आणि मला एवढंच सांग: याच्यात रान कुठे आहे?

पहिल्याच लेव्हलला तू लिहून मोकळा झालास की वाटाड्या जंगलात वाट चुकत नाही. बरं. त्याला शिधा हमखास सापडतो. बरं. चिखल, काटे, दगडधोंडे, कशानेही त्याची पार्टी मंदावत नाही. हेही बरं. मग जंगलात घडणार काय? खेळ चालवणारा डीएम म्हणणार, "चार दिवस चाललात, पोचलात." खेळाडू मान डोलावणार. संपलं जंगल! ज्या पोराने रानाच्या ओढीने हा क्लास घेतला, त्याच्याच फीचरने त्याचं रान पुसून टाकलं. पार्टीत वाटाड्या नसेल तर रान खेळायला मिळतं, आणि असेल तर मिळत नाही. हे तुला लिहिताना दिसलं नाही? दिसलं. तू पान उलटलंस.

आणि निदान चूक तरी स्वतःची करायचीस. ही तर २०१४ च्या प्लेयर्स हँडबुकातल्या रेंजरची आहे. त्याच्या नॅचरल एक्सप्लोरर या फीचरचं नाव बदललंस, बाकी जवळपास तसंच. त्या रेंजरवर किती डोकेफोड झाली हे तूच मला ऐकवत होतास ना? २०१५ मध्ये प्रायोगिक रूप, २०१६ मध्ये सुधारित रूप, मग २०२० मध्ये 'टाशाज कॉल्ड्रन'मधले पर्यायी फीचर. हा सगळा इतिहास तुला तोंडपाठ. तरी ज्या गोष्टीची डागडुजी करायला लोकांनी वर्षं घालवली, तीच तू उचलून आणलीस. याला अज्ञान म्हणायची सोय तू ठेवली नाहीस. हा आळस आहे.

बरं, रान पुसायचंच होतं तर ते पुसण्याचा मान तरी वाटाड्याकडे ठेवायचा. तोही नाही. त्याच हँडबुकातलं आउटलँडर बॅकग्राउंड घेतलेला कुठलाही चोर, जमीन अगदीच उजाड नसेल तर, स्वतःसकट आणखी पाच जणांचं अन्नपाणी शोधतो. ड्रूइड पहिल्या लेव्हलचा एक स्लॉट खर्चून गुडबेरीची दहा फळं काढतो आणि एका फळात एका माणसाचा दिवस निघतो. मग तुझ्या वाटाड्याला कोण विचारतो?

हे तुलाही जाणवलं असणार, कारण पुढे लगेच तू फासे ओतायला लागलास. क्लास पोकळ वाटला की नुकसान वाढवायचं, ही तुझी जुनी खोड. प्रत्येक बाणाला फुकटचा डी-सिक्स. कॉन्सन्ट्रेशन नाही, स्लॉट नाही, मर्यादा नाही. वर एक लांडगा, तोही मालकाची अ‍ॅक्शन न खाता चावणारा. आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलंस: "फायटरशी समतोल." मोजलंस? कागद घे, आत्ता मोजू.

पाचवी लेव्हल. डेक्स्टेरिटी १८, आर्चरी स्टाइल, लाँगबो. मिळून +९. समोर आर्मर क्लास १५. म्हणजे सहा किंवा वर पडलं की लागला, शंभरात पंचाहत्तर वेळा. एका बाणाचं सरासरी नुकसान साडेआठ, बाण दोन. क्रिटिकल सोडून दे. फायटरचे फेरीला पावणेतेरा झाले. तुझ्या वाटाड्याचे, त्या फुकटच्या डी-सिक्समुळे, अठरा. लांडगा निम्म्या वेळा चुकला तरी आणखी साडेतीन. एकूण साडेएकवीस! आता म्हणशील, फायटरकडे अ‍ॅक्शन सर्ज आहे. आहे, एका विश्रांतीमागे एकदा. तीन फेऱ्यांच्या लढाईत तो वापरूनही फायटर एक्कावन्नावर थांबतो. तुझा वाटाड्या साडेचौसष्टावर जातो, तेही रोज, प्रत्येक लढाईत, घाम न गाळता. याला तू समतोल म्हणतोस? बेरीज-गुणाकारच आहे, शाळकरी पोरगं करील. तू केलं नाहीस, कारण उत्तर काय येणार हे तुला ठाऊक होतं.

हाच जादा डी-सिक्स देणाऱ्या रेंजरच्या हंटर्स मार्क मंत्राला कॉन्सन्ट्रेशन लागतं ते उगाच नाही. जोर दिला की त्याची किंमत कुठेतरी वसूल करावी लागते. हे जुन्यांना कळत होतं. १९७५ मध्ये जो फिशरने 'द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू'च्या दुसऱ्या अंकात पहिला रेंजर मांडला. १९७८ मध्ये तो गॅरी गायगॅक्सच्या प्लेयर्स हँडबुकात आला. पहिल्याच लेव्हलला हिट पॉइंटसाठी दोन डी-एट, ऑर्क-ओगरसारख्या राक्षसी जमातींवर लेव्हलमागे एक जादा नुकसान. भरपूर दिलं. पण बदल्यात काय घेतलं? वृत्ती चांगलीच हवी, ती ढळली की रेंजरपण गेलं. तिघांहून जास्त रेंजर एकत्र नकोत (हा नियम मला आजवर पटलेला नाही, असो). आणि माझ्या लेखी सगळ्यांत शहाणा नियम: स्वतःला आणि घोड्याला वाहता येईल तेवढंच जवळ ठेवायचं. सोन्याचा ढीग समोर आहे आणि रेंजर उचलू शकत नाही. एका ओळीत तो माणूस रानातला झाला. तुझ्या सगळ्या वेलबुट्टीत अशी एक ओळ दाखव.

त्याच पुस्तकातली दुसरी गोष्ट बघ. तो रेंजर सहात तीनदा शत्रूला बेसावध गाठतो आणि स्वतः सहात एकदाच गाठला जातो. संकट नाहीसं होत नाही, फक्त कोण कुणाला आधी पाहतो ते बदलतं. फीचर असं असतं. तू मात्र संकटच रद्द करतोस आणि त्याला ताकद म्हणतोस.

पहिल्या लेव्हलला सगळा ऐवज ओतायची घाईही तीच जुनी. २००० साली तिसऱ्या आवृत्तीने रेंजरला दोन शस्त्रांची विद्या पहिल्याच लेव्हलला फुकट दिली. लोक एक लेव्हल ओरबाडून दुसऱ्या क्लासमध्ये पळायला लागले. २००३ मध्ये ती दुसऱ्या लेव्हलवर सरकवावी लागली. तुझ्या वाटाड्याचंही तेच होणार. एक लेव्हल घ्यायची, डी-सिक्स खिशात टाकायचा, राम राम.

आता सबबी. "डीएम सांभाळून घेईल." का घेईल? तुझं उष्टं काम त्याने का उपसावं? "प्लेटेस्टमध्ये कळेल." कुठल्या प्लेटेस्टमध्ये? तुझ्या दोन्ही चाचण्या तळघरात झाल्या. रानवाटाड्याची परीक्षा भिंतींच्या आत घेतलीस आणि पास करून टाकलास! "हे फ्लेवरसाठी आहे." फ्लेवर वर्णनात लिही, नियमांत नको.

मला चीड का येते सांगू? तुला हे जमतं. गेल्या पावसाळ्यात दलदलीची मोहीम तूच चालवलीस. कोरडं लाकूड एकाच रात्रीपुरतं उरलं होतं आणि जखमीला शेक द्यायचा की लांडगे दूर ठेवायचे, यावर सगळं टेबल अर्धा तास भांडलं. कुणी तलवार उपसली नव्हती. ते रान होतं. मग क्लास लिहायला बसल्यावर ती अक्कल कुठे गहाण ठेवलीस? वाटाड्याला माग दिसू दे, पण किती जण, कधी गेले, कोण जखमी, यांतली दोनच उत्तरं मिळू देत आणि कुठली दोन ते खेळाडूने ठरवू दे. त्याला जवळची वाट सापडू दे, पण ती कुणाच्या तरी शिकारीच्या हद्दीतून जाऊ दे. हे तुला मी शिकवायचं?

सहाव्या लेव्हलपासून पुढची सगळी पानं आज काढून ठेव. पहिल्या पाच नव्याने लिही, प्रत्येक फीचरसमोर त्याची किंमत लिही, आकडेमोड वेगळ्या कागदावर करून जोड. मग तोच चार दिवसांचा प्रवास दोनदा खेळव, एकदा वाटाड्यासह, एकदा त्याच्याविना. वाटाड्यासह खेळलेला प्रवास जास्त रंगला, असं खेळाडूंनी आपणहून सांगितलं तरच माझ्याकडे ये. चित्रं आणू नकोस.