टिंब, रेघ आणि चिरूट

महू हे नाव 'मिलिटरी हेडक्वार्टर्स ऑफ वॉर' या शब्दांच्या पहिल्या अक्षरांवरून पडलं, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस इथल्या कुठल्याही टपरीवर भेटतो. त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. आमचे सुभेदार आजोबा मात्र घालायचे. गाव आधीचं, छावणी नंतरची, असं ते ठणकावून सांगायचे. १८१८ च्या जानेवारीत मंदसोरला होळकरांशी इंग्रजांचा तह झाला आणि मग माल्कमसाहेबाची फौज इथे तळ ठोकून बसली. तोवर काय गाव बिननावाचं होतं? एवढं बोलून होईपर्यंत त्यांचा चिरूट निम्मा झालेला असायचा.

ते माझे सख्खे आजोबा नव्हेत. समोरच्या घरात राहायचे. महूच्या सिग्नल्सच्या शाळेत, जिला पुढे १९६७ साली एमसीटीई हे भारदस्त नाव मिळालं, तिथे त्यांनी वर्षानुवर्षं जवानांना मोर्स शिकवला होता. महूत 'सुभेदार' म्हटलं की लोकांना आधी रामजी सकपाळ आठवतात. ते इथल्या लष्करी शाळेत शिकवायचे आणि इथेच, १८९१ साली, बाबासाहेबांचा जन्म झाला. या गोष्टीचा आजोबांना कोण अभिमान! दर चौदा एप्रिलला काळी पलटणला, त्या जन्मस्थळी, जाऊन फूल वाहून यायचे आणि म्हणायचे, "तेही सुभेदार, तेही मास्तर. फक्त ते शाळेत शिकवायचे आणि मी तारेत."

दिवसाला चार चिरूट, हा त्यांचा रतीब. माल त्रिचनापल्लीचा. चिरूट हा शब्दच मुळी तिकडचा. तमिळमध्ये 'सुरुट्टु' म्हणजे गुंडाळी. दोन्ही टोकं उघडी, कापाकापी काही नाही, काडी ओढली की काम सुरू. आजोबा तो मोर्सच्याच वेगाने संपवायचे. शेवटचा तिसरा हिस्सा आला की तोंड वाकडं व्हायचं आणि थोटूक कुंडीत जायचं. एकदा मी विचारलं, कडू लागतं तर ओढता कशाला? तर म्हणाले, "चिरूट शेवटाला कडूच असतो. आयुष्यासारखा." मला ते वाक्य फार आवडलं होतं. शाळेतल्या निबंधातही मी ते घुसवलं.

गल्लीच्या तोंडाशी एक निवृत्त कर्नलसाहेब होते, पाइपवाले. महूत असे पुष्कळ. नोकरीत कधीतरी इथे कोर्सला आलेले, हवा मानवली, पेन्शन घेऊन इथेच राहिलेले. कर्नलसाहेब मुलीकडे कायमचे राहायला निघाले, तेव्हा त्यांनी आपल्या तीन पाइपांतला एक आणि तंबाखूची चंची आजोबांना दिली. सोबत एक तासाचं लेक्चरही दिलं. मी पायरीवर बसून ते ऐकलं, आणि अजून पाठ आहे.

पाइपाचं लाकूड साधं नसतं. भूमध्य समुद्राकाठी एक झुडूप वाढतं, त्याच्या मुळाशी गाठ धरते, त्या गाठीतून पाइप कोरतात. ते लाकूड लवकर जळत नाही. तंबाखू भरायची तीन चिमटींत. पहिली चिमूट पोराच्या हाताने, म्हणजे अलगद. दुसरी बाईच्या हाताने. तिसरी बाप्याच्या. पहिली काडी खोटी, नुसती वरची पात करपवायला. मग हलकं दाबायचं, मग खरी काडी. आणि एकदा पेटला की विसरायचं. "ओढायचा नाही, सुभेदार," कर्नलसाहेब म्हणाले, "गरम चहा बशीतून पितो ना आपण, तसा घ्यायचा. धूर दिसला तर तुम्ही घाई करताय." मग शेरलॉक होम्सची गोष्ट निघाली. त्याच्या १८८७ सालच्या पहिल्याच कादंबरीत खुनी त्रिचनापल्लीचा चिरूट ओढणारा असतो, आणि होम्स ते नुसत्या राखेवरून ओळखतो. होम्स स्वतः पाइपवाला! चिरुटाची राख वाचायला पाइपवालाच लागतो, असं म्हणून साहेब हसले. आजोबा हसले नाहीत. त्यांना ती चिरुटाची बदनामी वाटली असावी.

पहिला महिना भयंकर गेला. आजोबांनी पाइपही चिरुटाच्या चालीने ओढला. पाइपाची वाटी हातात धरवेना इतकी तापायची, जिभेला चटके बसायचे, आणि एवढं करून पाइप विझायचा तो विझायचाच. एका पाइपाला अर्धी काडेपेटी. आजी स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "माझी चूल एका काडीत पेटते हो!" पण आजोबा हट्टी. श्रावण संपेपर्यंत पाइप वठणीवर आला, म्हणजे खरं तर आजोबा वठणीवर आले. व्हरांड्यातल्या आरामखुर्चीत पाऊस बघत बसायचे, पाइप नुसता दातात, धूर आहे की नाही कळू नये इतका बारीक. त्या तंबाखूला मनुकांसारखा गोडूस वास यायचा. व्हर्जिनिया जातीची पानं तापत्या कोठीत भराभर वाळवतात, त्यामुळे पानातली साखर पानातच राहते. आपल्याकडे आंध्रात तिचं मोठं पीक निघतं. चिरुटाच्या पानाची तऱ्हा उलटी. ते सावलीत हळूहळू वाळतं, साखर जाते, मग ढीग रचून त्याला आतल्या आत आंबवतात. म्हणून त्याचा धूर क्षारधर्मी, उग्र, आणि सिगारेटसारखा छातीत न घेताही नशा तोंडातूनच चढते.

हे सगळं मला पुढे कळलं. तेव्हा एवढंच कळलं, की दिवाळीच्या सुमारास आजोबांनी चार महिन्यांनी चिरूट पेटवला आणि पाचव्या झुरक्याला थुंकले.

"माल बदलला," म्हणाले.

दुसरा पेटवला. तोच प्रकार. डबा काखेत मारून ते थेट मेन स्ट्रीटवरच्या दुकानात गेले, मी मागोमाग. सकाळची वेळ, शेजारी पोहे-जलेबीची गर्दी. दहा माणसांदेखत आजोबांनी शेठला सुनावलं. जुनं नाव, जुना डबा आणि आत कचरा भरता? शेठ गरीब माणूस. "सुभेदारसाब, माल वही है, वही गाँव से आता है," एवढंच म्हणत राहिला. शेवटी त्याने त्याच डब्यातला एक चिरूट काढला, पेटवला, गल्ल्यावर टेकून दोन-चार वेळा घेतला आणि म्हणाला, "बढ़िया तो है." त्यावर आजोबा आणखीच भडकले. त्यांनी त्याला चोर म्हटलं. उरलेला डबा फळीवर आदळला आणि पैसे परत घेऊन निघाले.

वाटेत माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. घरी आल्यावर आजींना म्हणाले, आता चिरूट बंद; पाइपाची चव कळल्यावर असलं काही तोंडात धरवत नाही. आजी म्हणाल्या, "बरं झालं, एक तरी सुटलं." पण सुटलं नव्हतं. डब्यातले दोन-तीन त्यांच्या कोटाच्या खिशात राहिले होते.

आजोबा मलाही मोर्स शिकवायचे. पुढच्या आठवड्यात माझा धडा होता. बझरची बॅटरी संपली होती, म्हणून आम्ही खुर्चीच्या हातावर काम भागवायचो. टिंबाला टिचकी, रेघेला नख ओढायचं. आजोबांनी मला 'मीट' हा इंग्रजी शब्द पाठवायला सांगितला, आणि न राहवून खिशातला एक चिरूट पेटवला. मी झपाट्याने पाठवलं. एम म्हणजे दोन रेघा, ई म्हणजे एक टिंब, पुन्हा ई, शेवटी टी म्हणजे एक रेघ. वेग दाखवायची मला भारी हौस.

"मू," आजोबा म्हणाले. "गाय हंबरली काय?"

मी परत पाठवलं, आणखी झपाट्याने.

"पुन्हा मूच. अरे, दोन टिंबं आणि एक रेघ मध्ये न थांबता दिलीस, त्याचा झाला यू. तुझी टिंबं बरोबर, रेघा बरोबर. मधलं सगळं खाल्लंस. दोन अक्षरांमध्ये तीन टिंबांइतकं थांबायचं, दोन शब्दांमध्ये सात. तेवढं थांबला नाहीस तर समोरच्याने तुला मूर्ख म्हणायचं की स्वतःला बहिरा?"

एवढं बोलून त्यांनी चिरूट तोंडाला लावला, आणि हात तसाच राहिला. मग मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं.

"मोज. मी नेहमीसारखा ओढतो. एका मिनिटात किती झुरके होतात ते सांग."

सात झाले.

"आणि सकाळी पाइपाचे?"

सकाळी मी मोजले नव्हते, पण डोळ्यांसमोर होतं. मिनिटाला एक. फार तर दीड.

त्यांनी तो चिरूट विझू दिला. थोड्या वेळाने दुसरा काढला, पेटवला आणि म्हणाले, मिनिट झालं की बोट वर कर, तोपर्यंत मी ओढणार नाही. मी बोट वर करत राहिलो. पहिली पाच मिनिटं त्यांना फार जड गेली. हात आपोआप तोंडाकडे यायचा आणि अर्ध्यावरून परत जायचा. मग हाताला सवय झाली. राख लांबत गेली, बोटाच्या पेराएवढी, तरी पडेना. चिरूट शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात आला तेव्हा मी कुंडीकडे पाहिलं, पण थोटूक कुंडीत गेलं नाही. बोटांना चटका बसेपर्यंत ते ओढत राहिले. राख धोतरावर पडली, तीही झटकली नाही.

इतकी वर्षं रोज चार झुरळं मारल्यासारखे त्यांनी चिरूट मारले होते. जीभ बधिर होती, म्हणून शेवटचा कडवटपणा त्यांना चिरुटाचा गुण वाटला. चार महिने पाइपाने जीभ जागी केली. पण चिरूट दातात येताच हाताने आपली मूळ चाल धरली. जीभ नवी, हात जुना, आणि चोर ठरला दुकानदार.

आजोबा लगेच माफी मागायला गेले नाहीत. रविवारची वाट पाहिली, पोह्यांची गर्दी होऊ दिली, आणि दहाच्या जागी वीस माणसांदेखत शेठसमोर उभे राहून म्हणाले, "माल वही है. मैं ही गलत था." फौजी माणूस, आवाज व्हरांड्यातला नव्हता, परेडवरचा होता. खिशातून पैसे काढून फळीवर ठेवले आणि आपला उरलेला डबा परत मागितला. शेठ कानकोंडा होऊन म्हणाला, "साब, वो तो बिक गया." तेव्हा कुठे दोघं हसले.

त्यानंतर चाराचा एक झाला. ठरवून नव्हे. एकाला पाऊण तास लागू लागला आणि तेवढ्यात संध्याकाळ व्हायची. पाइप सकाळी, चिरूट संध्याकाळी. दोन्हींत कोण वरचढ, हे विचारणाऱ्याला ते उत्तर देत नसत. इतरही काही बदललं. एके दिवशी आजींना म्हणाले, "आज चहात आलं घातलंय का?" आजी म्हणाल्या, "लग्न होऊन आल्यापासून घालतेय."

आणखी एक. ट्रंकेतून त्यांनी जुन्या शिकाऊ जवानांची वही काढली होती. प्रत्येक नावापुढे वेग आणि शेरा. एका नावावर त्यांचं बोट बराच वेळ थांबलं. शेरा होता: हात जड. "हा मधली जागा जरा जास्त सोडायचा," ते म्हणाले. "पण त्याचं एकही अक्षर कधी चुकलं नाही. मी त्याला परत पाठवला." वही मिटून ट्रंकेत गेली. मी ती पुन्हा पाहिली नाही.

कथा इथे थांबली असती तर तंबाखूवाल्यांना आवडली असती. पण दोनेक वर्षांनी दात दाखवायला आजोबा इंदूरला गेले, तेव्हा डॉक्टरांना गालाच्या आत पांढुरका चट्टा दिसला. आजोबा म्हणाले, मी धूर छातीत घेत नाही, आणि हल्ली तर फार सावकाश ओढतो. डॉक्टर म्हणाले, तोंडात तर घेता. सावकाश घेतलेलं विषही विषच. चट्टा साधा निघाला, वेळेत दिसला. पण त्या दिवशी पाइप आणि चिरूट दोन्ही एकदम सुटले, आणि ते सोडताना त्यांनी कसलीही सावकाशी केली नाही. पाइप मला देऊ केला होता. आजींनी तो मध्येच काढून घेतला.

पुढे त्यांना ऐकू कमी येऊ लागलं, बोलणंही कमी झालं. सुट्टीत गावी आलो की मी व्हरांड्यात त्यांच्या खुर्चीजवळ बसायचो. एकदा पाऊस होता. त्यांनी खुर्चीच्या हातावर नख ओढलं. रेघ, टिंब, रेघ, टिंब. सी. मग थांबले. मग चार टिचक्या, सावकाश. एच. पुन्हा थांबले, आणि इतका वेळ थांबले की मला वाटलं झालं, त्यांना झोप लागली. तरी मी उठलो नाही. समोरून पाताळपाणीकडे जाणारी मीटरगेजची शिट्टी ऐकू आली आणि विरली. मग एक टिचकी, आणि एक लांब रेघ. ए.

मी आत जाऊन आजींना चहा ठेवायला सांगितला.