वज्रीवरचा मोर

पुण्यात बाजीराव रस्त्याला लागूनच राजा केळकर संग्रहालय आहे. परवा पाहुण्यांना घेऊन गेले होते. पाहुणे लगबगीने मस्तानी महालाकडे वळले. कोथरूडचा तो महाल तिथून हलवून इथे पुन्हा उभारला आहे, त्याचं अप्रूप असणारच. मी मात्र वज्रींच्या कपाटापाशी अडकले.

वज्री म्हणजे टाचा घासायची वस्तू. न्हाणीघरात कोपऱ्यात पडून असायची. खालची बाजू खरबरीत असली की तिचं काम झालं. पण या वज्रींवर, बोटांनी धरायच्या जागी, पितळेचे मोर आहेत, हत्ती आहेत. पिसारा, चोच, डोळा, सगळं नीट कोरलेलं. काही वज्री तर आतून पोकळ. त्यांच्या पोटात बारीक खडे घातलेले असत, पाय घासताना छुमछुम वाजावं म्हणून.

मी कितीतरी वेळ त्या मोराकडे बघत राहिले. न्हाणीघर अंधारं, दार लावलेलं, आत एकटं माणूस. तो मोर दिसणार कुणाला? ती छुमछुम ऐकणार कोण? दिवसातली दोन मिनिटं, तीही टाचेच्या भेगा घासण्याची. तेवढ्या वेळातसुद्धा पाय घासणाऱ्या बाईच्या कानावर काही गोड पडू दे, असं त्या ओतकाम करणाऱ्याला वाटलं. त्याने ते वाटणं पितळेत ओतलं. आनंद आपसूक सापडतो असं आपण म्हणतो. इथे तो कुणीतरी मुद्दाम, मेहनतीने ठेवलेला दिसत होता.

शेजारच्या कपाटांतही तेच. अडकित्त्यांना पोपटाचे आकार, घोड्याचे आकार, कुठे एकमेकांना बिलगलेलं जोडपं. फण्या, दौती, कुलपं, दिवे. वीस हजारांवर वस्तू आहेत म्हणतात, आणि त्यातल्या बहुतेक रोज हाताळायच्या.

संग्रहालयाचं नाव ऐकून काहींना हा कुणा संस्थानिकाचा संग्रह वाटतो. पण राजा हा संग्रह जमवणाऱ्या दिनकर केळकरांचा मुलगा. लहानपणीच गेला. केळकर ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत. त्यांनी आणि त्यांच्या पत्नी कमलाबाईंनी जुने बाजार, पडके वाडे धुंडाळून एकेक वस्तू आणली आणि या सगळ्याला मुलाचं नाव दिलं. पुढे संग्रह सरकारच्या स्वाधीन केला. स्वतःच्या घरातला मुलाचा किलबिलाट थांबलेला असताना त्यांनी लोकांच्या घरातली छुमछुम वेचून आणली, हे मनात आलं आणि माझे डोळे भरून आले. शोकातून माणूस कडवटही होऊ शकतो. हे दोघं दिवे आणि अडकित्ते शोधत फिरले.

घरी आल्यावर आईला विचारलं, “आपल्याकडे होती का गं वज्री?”

“होती की! तुझ्या आजीची. कोंबडा होता वर. तिची अंघोळ चालली की माजघरापर्यंत ऐकू यायचं.”

“कसं वाजायचं?”

आईने पोळीची कणीक बाजूला सारली, पिठाची मूठ हवेत खालीवर केली आणि तोंडानेच तो आवाज काढून दाखवू लागली.